बंद काचेच्या मोबाईलनं दिलेली परवानगी

ह्या ग्रुपवर मी रोज येतो, वाचतो आणि गप बसतो. पांढऱ्या साडीतली बाई, कुलूप लावलेल्या खोलीतले पैंजण, चिंचेखाली उभा असलेला उंच माणूस... वाचताना मला हसू येतं. आमचं रान मसणवाट्याला लागून आहे. बांध ओलांडला की जळकी लाकडं. रात्री लाईटीच्या पाळीला मोटर चालू करायला जन्मभर त्याच बांधावरून एकटा गेलो. साप भेटले, रानडुकरं भेटली, एकदा तर केबल चोरणारा भेटला. मेलेलं माणूस काही भेटलं नाही. म्हणून मी असलं मानत नव्हतो, आणि खरं सांगायचं तर आजही "मानतो" म्हणायला जीभ उचलत नाही. झालं ते लिहून राहिलो. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा.

मी चौथी शिकलेला. मोबाईलवर बोलून लिहितो आणि चुकलेलं बोटानं नीट करतो. शुद्धलेखनाच्या चुका काढणारांनी खुशाल काढाव्या. माझ्या मोटारीला आजवर मिस्त्री लागलेला नाही. स्टार्टर मीच खोलतो, वाइंडिंग मीच भरतो. कुणाला काही विचारणं माझ्या जिवावर येतं. हे आधीच सांगून ठेवतो, पुढं त्याचा संबंध आहे.

गाव हदगाव तालुक्यात, नाव लिहीत नाही. घरात मी आणि आमची मंडळी, दोघंच. एकच लेक, सुनंदा. लातूरला दिली. ती शाळेवर शिकवते, जावई बालाजीराव ऑफिसात आहेत. मूलबाळ नाही.

आमच्यात अशी रीत आहे की लेकीला लेकरू होईपर्यंत बापानं तिच्या घरचं जेवायचं नाही. माझ्या आज्यानं पाळली, बापानं पाळली, मीही पाळली. लातूरला जायचं असलं की मंडळी माझ्यापुरत्या भाकरी फडक्यात बांधून घ्यायची. मी त्या सुनंदाच्याच घरी खायचो, पण बाहेर गॅलरीत, माझ्या फडक्यावर. पाणी माझ्या बाटलीतलं. मंडळीनं ही रीत पहिल्याच साली सोडून दिली होती. ती आत लेकीजवळ बसून जेवायची आणि माझ्याकडं न बघता पदराला हात पुसत बाहेर यायची.

एकदा सुनंदा गॅलरीच्या दारात उभी राहिली. "आबा, मला लेकरू झालंच न्हाई तर तुम्ही जन्मभर हितंच बसून जेवणार का?"

मी म्हणलं, "रीत हाय बाई."

ती आत गेली. परत तिनं कधी विषय काढला नाही. रीत काही मी काढलेली नव्हती, त्यामुळं त्यात माझं चुकतंय असंही मला वाटत नव्हतं.

मंडळी गेली ती दिवसाढवळ्या. म्हशीला पाणी दाखवायला हौदावर गेली आणि बसल्यासारखी खाली आली. डॉक्टर म्हणले हार्ट. तिच्या कमरेच्या पिशवीतला मोबाईल हौदात पडला होता. गंगाधरनं तो संध्याकाळी काढला. गंगाधर म्हणजे माझा मेहुणा, मंडळीचा धाकटा भाऊ, आमच्याच गावात राहतो. पाण्यात पडलेला मोबाईल तांदळात ठेवतात म्हणे. आमच्या घरात सोयाबीनचं पोतं होतं, मी त्यात पुरून ठेवला.

दहाव्याला पैनगंगेच्या काठी पिंड ठेवला. बाभळीवर कावळे होते. बसून राहिले. ऊन चढलं, टोप्या डोक्यावर आल्या, कावळा काही खाली येईना. मग जसं करतात तसं एकेकानं पुढं होऊन बोलायला सुरवात केली. गंगाधर म्हणला, "अक्का, म्हशीचं मी बघतो, तू घोर करू नको." बालाजीराव हात जोडून म्हणले, "मामी, सुनंदाला अंतर देणार नाही." शेजारच्या म्हातारीनं तुळशीला पाणी घालायचं कबूल केलं. कावळे चोचीनं पंख साफ करीत बसले.

गंगाधर माझ्या कानाशी आला. "दाजी, तुम्ही बोला. तुमच्यासाठी खोळंबली ती."

"मेलेल्या माणसाला काय ऐकू येतंय?"

"मंग आम्ही सगळे काय कावळ्याच्या बापाला सांगून राहिलो?"

मी गुरुजीला म्हणलं, "लोकांना ऊन लागून राहिलं. दर्भाचा कावळा करा आन शिववा."

गुरुजीनं दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. लोक उठले, अंगावरची माती झटकली. सुनंदा नदीकडं तोंड करून उभी होती. ती रडली नव्हती. पहिल्या दिवशी नाही आणि त्या दिवशीही नाही. मीही नाही. आम्हा बापलेकीला एकच रोग लागल्यासारखं झालं होतं. भूक लागायची नाही, डोळ्यात पाणी यायचं नाही. कुणी काम सांगितलं की हात काम करायचे. मी तिसऱ्याच कुणाच्या घरी पाहुणा आल्यासारखा माझ्या घरात राहून राहिलो होतो.

ती लातूरला गेली. मी फोन केला की हाव म्हणायची, न्हाई म्हणायची आणि फोन ठेवून द्यायची. मग एक दिवस बालाजीरावांचा फोन आला.

"मामा, सुनंदा जेवून नाही राहिली."

"म्हणजे?"

"चहा घेते. शाळेत जाते, येते. ताट वाढलं की भातात बोटं फिरवते आणि उठते. डॉक्टरला दाखवलं, रिपोर्ट सगळे नॉर्मल. पण बांगड्या हातातून गळून पडून राहिल्यात, मामा. काल वर्गात चक्कर येऊन खाली बसली. काय पाहिजे विचारलं तर एकच सांगते."

"काय?"

"मामीचा आवाज."

त्याचं असं होतं. मंडळीला अक्षर ओळखता येत नव्हतं. सुनंदानं तिला व्हॉट्सॲपवरचं माईकचं चित्र दाबून बोलायला शिकवलं होतं. तेव्हापासून मंडळी चुलीपुढं बसली की मोबाईल तोंडाशी धरून लेकीला काहीबाही पाठवायची. पुढं सुनंदानं नवा मोबाईल घेतला आणि जुने मेसेज त्यात आलेच नाहीत. बॅकअप राहिला म्हणे. तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नाही, माय रोज बोलतच होती. आता मात्र तो आवाज राहिला होता फक्त मायच्या मोबाईलमध्ये, आणि मोबाईल सोयाबीनच्या पोत्यात.

"मामा, तो फोन पाठवून द्या. इथं लातूरला डाटा काढून देणारे आहेत."

"बायकोचा मोबाईल मी अनोळखी माणसाच्या हाती सोडणार न्हाई."

"मग तुम्ही घेऊन या. आमच्यासमोर काढू."

मी बघतो म्हणून फोन ठेवला. जायचं तर भाकरी बांधून कोण देणार होतं?

दुसऱ्या दिवशी मोबाईल घेऊन हदगावला असलमच्या दुकानात गेलो. त्यानं माझ्यासमोर खोलला. जरा वेळ फुंकर घातली, ब्रश फिरवला, चार्जर लावला. मोबाईल हातात थरथरला.

"चाचा, जिंदा है," असलम म्हणला. "पण डिस्प्ले गेला. पाणी बसलंय आत. तो शॉर्ट होऊन बोर्ड गरम करून राहिला. मी डिस्प्लेची पट्टी काढून ठेवतो, नाहीतर बोर्ड भी जाएगा."

चिमट्यानं त्यानं एक चपटी पट्टी बोर्डावरून सुटी केली, तिच्या तोंडाला निळा टेप गुंडाळला आणि काच परत वर बसवली.

"आता ही नुसती काच. काही दिसणार न्हाई, आन वरून कितीबी दाबलं तरी आत कळणार न्हाई."

"नवीन डिस्प्ले टाक."

"ह्या मॉडेलचा मिळत न्हाई चाचा, लई हुडकलं मागं एकासाठी."

"मंग आतला आवाज?"

"कॉम्प्युटरला जोडून बघा. लगा तो लगा."

कॉम्प्युटर घरी होता. सुनंदानं नवीन घेतला तेव्हा तिचा जुना लॅपटॉप आम्हाला देऊन टाकला होता. मंडळीनं त्याला झालर लावलेलं कापड शिवलं होतं, टीव्हीला घालतात तसं. मला तो चालू करता येत होता, बंद करता येत होता, भजन लावता येत होतं. बाकी शिकू म्हणलं. चाळीस फूट खोल विहिरीतली मोटर वर काढून भरणारा माणूस मी, ह्याला काय भ्यायचं!

पहिल्या दिवशी केबल लावली. मोबाईल थरथरला, पण लॅपटॉपवर काही नाही. काढली, घातली, उलटी घातली. काही नाही. दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं बालाजीरावांना फोन लावला आणि स्पीकर चालू करून ठेवला.

"केबल कुठली आहे मामा?"

"घरचीच. उंदरानं कुरतडली होती, मी जोडून घेतली."

"कशी जोडली?"

"कशी म्हणजे? लाल लालला, काळी काळीला. आणखी दोन बारक्या होत्या, हिरवी आन पांढरी. त्या छाटून टाकल्या."

माणूस हसू दाबतो तेव्हा जसा श्वास येतो तसा तिकडून आला.

"मामा, लाल-काळ्यातून करंट जातो. बोलणं त्या हिरव्या-पांढऱ्यातून जातं."

मी जन्मभर वायरी जोडल्या. वायर म्हणजे करंट, एवढंच मला ठाऊक. वायरीतून बोलणं जातं आणि ते मी छाटून टाकलं, हे जावयाकडून ऐकून घ्यावं लागलं. मी म्हणलं, "बरं," आणि हदगावला जाऊन नवी केबल आणली.

नव्या केबलीनं लॅपटॉप टुंग करून वाजला. पण डिव्हाइस मॅनेजर म्हणून एक ठिकाण असतं, तिथं मोबाईलच्या नावाऐवजी "अननोन" आलं आणि पुढं पिवळा त्रिकोण. ओळखत नाही म्हणे.

"ड्रायव्हर टाकावे लागतील," बालाजीराव म्हणले. "मामा, हिमायतनगरच्या बाजारात तेलंगणातला व्यापारी आला की मध्ये एक माणूस लागतो ना, त्याची तेलुगू आपल्याला सांगणारा? ड्रायव्हर म्हणजे तो. तो मध्ये नसला तर दोघं समोरासमोर उभे राहतात आणि बोलणं होत नाही."

हे मला पटलं. पण तो मधला माणूस हुडकण्यात बरेच दिवस गेले. माझ्या मोबाईलचं नेट लॅपटॉपला द्यायचं, फाईल उतरवून घ्यायची, ती झिप करून बांधलेली असायची ती सोडायची, सेटअपवर दोनदा दाबायचं. एक ड्रायव्हर टाकला तर माऊसच चालेना. एक टाकला तर लॅपटॉप निळा पडला. एकात म्हणे हा बत्तीस बिटवाला आहे, तुम्हाला चौसष्टवाला पाहिजे. मी म्हणलं, मोटारीत निदान हॉर्सपॉवर वर लिहिलेली असती. बालाजीराव संध्याकाळी ऑफिसातून येऊन मला सांगायचे, मी दुसऱ्या दिवशी करून बघायचो. फोनवर बोलताना मागं सुनंदा फिरल्याचा आवाज यायचा. भांडं ठेवल्याचा. ती काही विचारायची नाही. बालाजीराव एकदा हळूच म्हणले, "मामा, आज तिला सलाईन लावून आणलं." मी विचारलं, "आता काय दाबू?"

माझी हालत तशीच होती. दुःख म्हणावं असं काही होत नव्हतं. पिवळा त्रिकोण कधी जातो, तेवढंच बघत बसायचो.

एका दुपारी तो गेला. लॅपटॉप बंद करून चालू केला आणि त्रिकोणाच्या जागी मोबाईलचं नाव आलं, कंपनीसकट. मी बालाजीरावांना ऑफिसातच फोन लावला.

"आलं नाव! उघडलंबी!"

"आत काय दिसतंय?"

"आत काही न्हाई. हे फोल्डर रिकामं आहे, असं लिहिलंय."

बालाजीरावांचा आवाज पडला. "मामा... आता फोनच्या स्क्रीनवर एक प्रश्न आलेला असणार. ह्या कॉम्प्युटरला आतलं बघू द्यायचं का? त्याखाली अलाव म्हणून असतं. ते दाबावं लागतं."

"स्क्रीन तर बंद हाय. असलमनं पट्टीच काढलीय."

"हो ना. मला वाटलं होतं ह्या जुन्या मॉडेलला ते लागणार नाही. तिथं आपण काही करू शकत नाही मामा. ड्रायव्हर टाकणं आपल्या हातात होतं. आतलं द्यायचं का नाही, ते फोननंच सांगावं लागतं. राहू द्या आता. मी सुनंदाला सांगतो."

"सांगू नका," मी म्हणलं आणि फोन ठेवला.

खोलीत मी होतो आणि गंगाधर होता. तो म्हशीचं दूध ठेवायला आला होता आणि सगळं ऐकून उंबऱ्यावरच बसला होता. मोबाईल टेबलावर, काळा. मी काचेवर अंगठा दाबला. चार बोटं दाबली. ओल्या फडक्यानं पुसून परत दाबलं. लॅपटॉपवर तेच: हे फोल्डर रिकामं आहे.

गंगाधर म्हणला, "दाजी, ही तर कावळ्याचीच गत झाली."

"गप बस."

"सगळं मांडून ठेवलंय आन शिवून न्हाई राहिली." तो उठून टेबलाजवळ आला आणि त्यानं खरंच हात जोडले, मोबाईलला. "अक्का, म्हशीचं मी करूनच राहिलो बघ. आज दूध जरा पातळ हाय, पण त्यात माझा दोष न्हाई, पेंड बदलली."

इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा हसू आलं, पण ते ओठापर्यंत पोचलं नाही.

"आता तुम्ही बोला," गंगाधर म्हणला.

"मी काय येडा हाय का मोबाईलशी बोलायला?"

"मोबाईलशी न्हाई तर भिताडाशी बोला. त्या दिवशी नदीवर समद्यांनी सांगितलं, तुम्हीच तेवढे खांबासारखे उभे. अक्काला काय लागून होतं ते मला ठावं हाय, तुम्हाला त्याच्याहून ठावं हाय."

मला खरंच ठाऊक होतं. नदीवरही ठाऊक होतं. भाकरी बांधताना ती दर वेळी फडक्याची गाठ जास्तीच आवळायची, मला तिथं गॅलरीत दातानं सोडावी लागायची. ती तोंडानं काही म्हणत नव्हती.

मी गंगाधरला ऐकवायला म्हणून बोलायला लागलो. "बरं. सुनंदाला काही कमी पडू देणार न्हाई." लॅपटॉपकडं बघितलं. रिकामं. "रान इकणार न्हाई." रिकामं. "तुझ्या तुळशीला मी सोता पाणी घालतो." रिकामं. मला राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही, पण खरोखरीचा राग आला आणि मी मोठ्यानं म्हणलं,

"बरं बाई, जेवतो! सुनंदाच्या घरी, आत बसून, तिच्या ताटात जेवतो. लेकरू असो नसो. झालं आता?"

तुम्हाला वाटत असेल, आता मी कावळा ओरडला असं लिहीन. नाही. कावळा-बिवळा काही नव्हता. समोरच्या घरी मिक्सर चालू होता. वारं सुटलं नाही, लाईट गेली नाही. मोबाईल टेबलावर एकदा थरथरला, चार्जर लावल्यावर थरथरतो तेवढाच. लॅपटॉप टुंग वाजला आणि त्या रिकाम्या पांढऱ्या जागेत पिवळी पिवळी फोल्डरं ओळीनं येऊन उभी राहिली.

मोबाईलला कुणाचा हात लागलेला नव्हता. माझे दोन्ही हात मांडीवर होते. गंगाधरचे जोडलेले होते, आणि ते तसेच राहिले.

तो म्हणला, "दाजी..."

मी म्हणलं, "बोलू नको. कॉपी करू दे."

बालाजीरावांनी आधीच सांगून ठेवलं होतं, व्हॉट्सॲपच्या फोल्डरात व्हॉइस नोट म्हणून असेल. सापडलं. सगळं धरलं आणि लॅपटॉपवर टाकलं. हिरवी पट्टी हळूहळू भरत गेली. ती भरेपर्यंत आम्ही दोघं कामाला बसवलेल्या गड्यांसारखे तिच्याकडं बघत बसून होतो. भरली. मी केबल काढली. आवाज मात्र वाजवला नाही. पहिला तिनं ऐकावा, असं वाटलं.

मग काय मनात आलं म्हणून केबल परत लावली. टुंग झालं. नाव आलं. आत काही नाही, फोल्डर रिकामं. त्यानंतर आजपर्यंत कितीदा लावून बघितली. गंगाधरनं तर नवस बोलून बघितले. रिकामं ते रिकामंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप आणि मोबाईल पिशवीत घालून हदगावला आलो. लातूरला जायला नांदेडची गाडी धरायची होती, त्याआधी असलमच्या दुकानात शिरलो. म्हणलं, "खोल हा मोबाईल आन बघ, पट्टी लागलीय का."

त्यानं खोलला. निळा टेप जसाच्या तसा. पट्टी सुटी.

"वैसी की वैसी है चाचा. का?"

मी सांगितलं. गंगाधरचा हात जोडण्याचा भाग आणि मी काय बोललो ते गाळलं. फक्त अलाव दाबलं गेलं, एवढंच सांगितलं.

असलम म्हणला, "पाणी गेलेला डिस्प्ले कधी कधी आपोआप दबतो, होतं तसं. पण त्याला पट्टी लागलेली पाहिजे ना. ही तर माझ्या हातानं काढलेली." त्यानं टेपला चिमट्याचं टोक लावून बघितलं आणि लगेच काढून घेतलं. मग काच बसवून मोबाईल माझ्याकडं सरकवला. एरवी तो चहा घ्या म्हणतो. त्या दिवशी म्हणला नाही.

लातूरला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. दार सुनंदानं उघडलं. हाडं दिसत होती गालाची. तिनं आधी माझ्या हाताकडं बघितलं. तिची सवय ती, फडकं कुठं आहे बघायची.

"भाकरी कुठंय आबा?"

"न्हाई आणली."

तिला ते कळलं नाही बहुतेक. बाजूला झाली. मी आत गेलो आणि गॅलरीकडं न जाता टेबलाजवळच्या खुर्चीवर बसलो. बालाजीराव माझ्याकडं आणि तिच्याकडं बघून राहिले. मग त्यांनी लॅपटॉप मांडला आणि पहिली फाईल लावली.

आधी चुलीचा तडतड आवाज. मग ती.

"सुनंदे... जेवलीस का गं?"

आणि पुढं काही नाही. नुसती चूल. मंडळीला कधी पटलंच नव्हतं की ह्यात पलीकडचं माणूस लगेच बोलत नाही. ती विचारायची आणि उत्तरासाठी थांबायची, फोनवर थांबतात तशी. उत्तर आलं असं समजून मग पुढं बोलायची. मी तिला कितीदा सांगितलं होतं की अगं, ते तसं नसतं. ती म्हणायची, तुम्हाला काय कळतंय त्यातलं.

त्या थांबण्यात सुनंदा बोलली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा आपणहून बोलली. अगदी हळू, लॅपटॉपकडं बघून. "न्हाई गं माय."

चूल तडतडली आणि मंडळी म्हणली, "मंग आधी जेवून घे. बाकीचं मंग सांगते."

बालाजीरावांनी फाईल थांबवली. खरं तर थांबवायची गरज नव्हती, ती तिथंच संपली होती. एवढीच होती ती. पुढच्या सगळ्या आम्ही नंतर ऐकल्या. तूर वाळत घातली, म्हशीनं लाथ मारली, कुणाच्या पोरीचं जमलं. माझ्याबद्दल काही असेल म्हणून मी कान देऊन बसायचो. रीतीबद्दल, गॅलरीबद्दल, एक अक्षर नाही. आणि बाकीच्या प्रत्येकीत जेवलीस का विचारून थांबते आणि म्हणते, "हां, मंग बरं." आधी जेवून घे, असं त्या एकीतच आहे.

सुनंदा उठली. ओट्याशी गेली. मला वाटलं, आता रडंल. रडली नाही. तिनं दोन ताटं घेतली, मग माझ्याकडं वळून बघितलं.

मी म्हणलं, "माझंबी वाढ."

तिसरं ताट काढताना तिच्या हातातून डाव पडला. कुणी उचलला नाही. वरण-भात होता, मेथीची भाजी होती, सकाळची भाकरी होती, गार आणि कडक. मी आत बसून जेवलो. पाणीही त्यांच्याच माठातलं प्यालो. सुनंदानं पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत बसली. मग दुसरा घेतला. बालाजीरावांनी मात्र ताटावरून उठून तोंड धुवायला लई वेळ लावला.

ज्यांना कॉम्प्युटरातलं कळतं अशा बऱ्याच जणांना मी विचारून बघितलं. कुणी म्हणतं ड्रायव्हरचा दोष, कुणी म्हणतं त्या जुन्या मोबाईलला परवानगी लागतच नसेल. लागत नसेल तर आधी रिकामं का दिसलं आणि नंतर परत रिकामं का, ह्याला कुणाकडं उत्तर नाही. गंगाधर सांगतो ते उत्तर मला मान्य नाही. इथं कुणाला ठाऊक असेल तर खाली लिहावं, मी वाचतो. पण मोबाईल खोलून बघायला मागू नका, तो मी कुणाला देणार नाही. मंडळीनं शिवलेल्या त्या झालरीच्या कापडात ठेवलाय.

सुनंदा आता जेवते. चार घास कमी, पण जेवते. मी अधूनमधून जातो. गॅलरीत मी बसायचो त्या जागेवर तिनं कढीपत्त्याची कुंडी ठेवली आहे.